कंपनीला टाळं लागलं आणि राजीनाम्यावर सही मागतायत

प्रश्न थोडक्यात असा आहे. चिपळूणजवळच्या एमआयडीसीत केमिकल कारखान्यांसाठी टाक्या आणि व्हेसल बनवणाऱ्या फॅब्रिकेशन कंपनीत तुम्ही १३ वर्षं ८ महिने फिटर-वेल्डर आहात. बेसिक आणि डीए मिळून १८,२०० रुपये. कायम कामगार ६४, शिवाय ठेकेदाराची तीसेक पोरं. सोमवारी फर्स्ट शिफ्टला गेलात तर गेटला साखळी आणि ‘पुढील सूचना मिळेपर्यंत काम बंद’ असा कागद चिकटवलेला. दोन महिन्यांचा पगार अडकलाय. आता एचआरवाला एकेकाला फोन करून बोलावतोय, राजीनामा द्या, तीन महिन्यांचा पगार घ्या आणि मोकळे व्हा म्हणतोय. गुरुवारी तुमची पाळी आहे. गणपती तोंडावर आलेत, पतसंस्थेचा हप्ता चालू आहे. तुम्ही विचारताय, सही करू का?

करू नका. बाकीचं सगळं सावकाश सांगतो, पण एवढं आधी डोक्यात ठेवा. कंपनी बंद पडली म्हणून तुमची नोकरी गेली आणि तुम्ही राजीनामा दिलात म्हणून गेली, या दोन गोष्टी घरी बसणाऱ्याला सारख्याच वाटतात. कागदावर त्यांच्यात तुमच्याबाबतीत दीड लाखाच्या आसपास फरक आहे.

हे मला कसं कळलं तेही सांगतो, कारण मी स्वतः सही केलेली आहे. १९९९ साली, शिमग्याच्या आठवड्यात. अकरा वर्षं झाली होती त्या कंपनीत. मॅनेजरने एकट्याला केबिनमध्ये घेतलं, चहा मागवला, ‘तू आमचा चांगला माणूस, तुझं आधी करून टाकतो’ म्हणाला आणि स्वतःच्या खिशातलं पेन पुढे केलं. कागद टाईप केलेला तयार होता, तारीख तेवढी कोरी. दोन चेक दिले. पहिला वटला, दुसरा परत आला. मग कामगार कार्यालयात गेलो तर तिथल्या साहेबांनी फाईल माझ्याकडे फिरवली आणि बोट ठेवलं, ‘स्वखुशीने’ या शब्दावर. खाली माझीच सही. त्यांचा काही दोष नव्हता. नंतर बरीच वर्षं फोरमन म्हणून काढली, आणि आता निवृत्तीनंतर बंद पडलेल्या कंपन्यांतल्या लोकांना अर्ज लिहून देतो, त्याचं मूळ त्या एका शब्दात आहे.

तुमचा हिशोब मांडू. वही घ्या.

ग्रॅच्युइटी: शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १८,२०० भागिले २६ म्हणजे रोजचे ७००, पंधरा दिवसांचे १०,५००. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची १३ नाही, १४ वर्षं. झाले १,४७,०००. ही राजीनामा दिलात तरी मिळते, कारण पाच वर्षं उलटली आहेत. एचआरवाला तुम्हाला तीन महिन्यांचे ५४,६०० दाखवतोय तेव्हा ग्रॅच्युइटी त्यात धरलीय की वेगळी आहे, हे त्याने सांगितलंय का? माझा अनुभव असा की ‘फुल अँड फायनल’ या शब्दांत ती गुपचूप गाडली जाते.

बंदीची भरपाई: दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे महिन्याचा निम्मा, ९,१००. चौदा वर्षांचे १,२७,४००. त्यावर नोटिशीच्या बदल्यात एक महिना, १८,२००. हे दोन आकडे फक्त कंपनी बंद झाली म्हणून मिळतात. राजीनामा दिला की दोन्ही गेले.

अडकलेला पगार ३६,४००. शिल्लक हक्काची रजा ३० दिवस असेल तर तिचे २१,०००. सगळं मिळून साडेतीन लाख. बोनस वेगळा. तुमच्या स्लिपवर बेसिक मुद्दाम लहान ठेवून बाकी भत्ते फुगवले असतील तर नव्या कामगार कायद्यातली (कामगार संहितेतली) पगाराची व्याख्या वाचून घ्या. भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच धरायचा असतो, त्यामुळे हे आकडे वाढू शकतात.

मालक म्हणेल, पैसेच नाहीत, तोटा झालाय, मी काय करू. ऐकायला खरं वाटतं, आणि कधी कधी खरंही असतं. पण मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने कंपनी बंद झाली तर भरपाईला तीन महिन्यांच्या पगाराची मर्यादा लागते, आणि आर्थिक अडचण, तोटा, माल पडून राहणं, जागेचा करार संपणं ही कारणं त्यात बसत नाहीत असं कायद्यानेच लिहून ठेवलंय. तुम्हाला नेमके तीन महिनेच का दाखवतायत, ते आता लक्षात आलं असेल.

चार नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यामुळे जुन्या युनियनवाल्याने ‘शंभरावर कामगार असले की सरकारची परवानगी लागते’ असं सांगितलं तर तो आकडा आता ३०० झालाय. तुम्ही ६४ आहात, तुमच्या मालकाला परवानगी लागत नाही. मात्र पन्नास किंवा जास्त कामगार असले की बंद करण्याआधी ६० दिवसांची नोटीस सरकारला द्यावी लागते. ती दिलीय का, हा पहिला प्रश्न रत्नागिरीच्या कामगार कार्यालयात लेखी विचारा. आणि कंपनी बंद झाल्याने नोकरी गेली तर देणं असलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, हेही त्याच अर्जात लिहा.

आता गेटवरच्या त्या कागदाकडे वळू. त्यावर ‘कंपनी बंद’ असं कुठेच नाही. ‘काम बंद’ आहे. हा घोळ मुद्दाम असतो. उद्या ते म्हणू शकतात, आम्ही बंद केलीच नव्हती, ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं) होता, कामगारच यायचे बंद झाले. ले-ऑफमध्ये निम्मा पगार मिळतो, पण त्यासाठी कामगाराने ठरल्या वेळी रोज एकदा हजर व्हावं लागतं. म्हणून जोवर बंदची लेखी नोटीस हातात येत नाही तोवर रोज शिफ्टच्या वेळेला गेटवर जा. दिवसभर बसायची गरज नाही. शंभर पानी वही घ्या, तारीख, वेळ, नाव, सही. वॉचमन सही करणार नाही, त्याच्या पोटावर कशाला आणता. गेटवरचा कागद आणि तुम्ही सगळे एका फोटोत येतील असा रोज एक फोटो काढा. आळीपाळीने दोघं-चौघं जाऊन बाकीच्यांची नावं टाकतो, असं करू नका. प्रत्येकाने स्वतः जायचं.

कागदपत्रांचं महत्त्व कोकणातल्या माणसाला खरं तर सांगावं लागू नये. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे आपल्याकडच्या किती घरांची मनीऑर्डर थांबली. माझे वडील तेव्हा लालबागला गिरणीच्या खात्यात होते. ते गावी आले ते कायमचे, पण पत्र्याच्या पेटीत लाल पास, तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड सगळं जपून घेऊन आले. आई म्हणायची, त्या चिठ्ठ्यांनी काय चूल पेटणार आहे. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने अर्ज मागवले, तेव्हा १ जानेवारी १९८२ ला पटावर असल्याचा पुरावा असाच चिठ्ठ्यांतून द्यायचा होता. ज्यांच्या पेटीत कागद होते त्यांची नावं यादीत लागली. दुसरीकडे २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात माझ्या ओळखीच्या किती जणांच्या सगळ्या पगारस्लिपा चिखलात गेल्या. तेव्हा आज रात्रीच नेमणूक पत्र, स्लिपा, ओळखपत्र, बँकेचं पासबुक, दिवाळीला दिलेलं रजेचं पत्रक, काय असेल त्याचे फोटो काढून बायकोच्या आणि भावाच्या फोनवर पाठवा. स्लिप नसेल तर बँकेचं तीन वर्षांचं स्टेटमेंट काढा, पगाराच्या नोंदीपुढे कंपनीचं नाव येतं. व्हॉट्सॲपच्या शिफ्ट ग्रुपमधले सुपरवायझरचे मेसेजही पुरावाच आहेत. ग्रुप सोडू नका. आणि एचआरवाला ग्रुप डिलीट करेल त्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

तुमची स्वतःची हत्यारं आत आहेत का? व्हर्निअर, ट्राय स्क्वेअर, हेल्मेट, होल्डर? यादी करून कंपनीला पत्र टाका. कुंपणावरून उडी मारून आणायला जाऊ नका. त्यातून चोरीची केस होते आणि मग मूळ विषय बाजूला राहतो. रात्री मशीन हलवताना दिसलं तर रस्त्यावर उभं राहून गाडीच्या नंबरासह फोटो काढा आणि कामगार अधिकाऱ्यांना लेखी कळवा. रोलिंग मशीन आणि क्रेन हीच तुमच्या पैशांची हमी आहे, ती गेली की रिकाम्या शेडकडून काय वसूल करणार?

पत्रं सगळी स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन टाका. कंपनीच्या पत्त्यावर, नोंदणीकृत ऑफिसच्या पत्त्यावर आणि शक्य असेल तर डायरेक्टरांच्या नावाने. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडायचं नाही. बंद पाकीट तसंच फायलीत लावायचं. नोटीस पाठवली होती याचा त्याच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

पीएफचं पासबुक आजच मोबाईलवर उघडा आणि शेवटचा भरणा कोणत्या महिन्याचा दिसतो ते बघा. बंद पडणारी कंपनी सगळ्यात आधी पीएफ भरायचं थांबवते, पगार त्यानंतर थकतो. स्लिपवर कापलाय आणि पासबुकात नाही, असं असेल तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर महिनेवार लिहून तक्रार करा. कामगाराचा हिस्सा कापून न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे. आणखी एक अडचण हमखास येते. कंपनी तुमची नोकरी सोडल्याची तारीख टाकत नाही आणि पैसे काढता येत नाहीत. ती तारीख शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः पोर्टलवर टाकू शकता. कारण निवडताना मात्र ‘राजीनामा’ वर बोट जाऊ देऊ नका. आणि तुमची पेन्शनची दहा वर्षं पूर्ण झालीत, तेव्हा पेन्शनचा भाग काढून घ्या असं सायबर कॅफेवाल्याने सांगितलं तर ऐकू नका, स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनची वर्षं जमा असल्याचा दाखला) घ्या. ५८ नंतर ती दर महिन्याची पेन्शन आहे.

ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याबद्दल फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. तुमच्या स्लिपवर ०.७५ टक्के कपात दिसत असेल तर तुम्ही विमाधारक आहात. कारखाना बंद झाल्यामुळे नोकरी गेलेल्या विमाधारकासाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासून आहे. पहिलं वर्षभर पगाराच्या निम्मी रक्कम आणि दुसऱ्या वर्षी पाव, शिवाय त्या काळात घरच्यांचे औषधोपचार चालू. तुमच्याबाबतीत पहिल्या वर्षी महिन्याला नऊ हजारांच्या आसपास. पतसंस्थेचा हप्ता आणि किराणा निघतो त्यात. पण स्वखुशीने सोडणाऱ्याला ती नाही. म्हणजे राजीनाम्याची किंमत काढताना हेही लाखभर रुपये त्यात धरा. ईएसआयसीच्या शाखेत जाऊन अर्ज घ्या, बंदचा पुरावा मागतील, म्हणून कामगार कार्यालयातल्या तुमच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत जवळ हवी.

कंपनी दिवाळखोरीत गेल्याची जाहिरात पेपरात आली तर घाबरू नका, पण झोपूही नका. जाहिरातीत दाव्याची मुदत छापलेली असते. कामगारांसाठी ‘फॉर्म डी’ असतो. सगळ्यांनी मिळून एक प्रतिनिधी नेमून एकत्र दावा करता येतो. मागच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीने धरली जातात. ‘आधी बँकेचे, मग तुमचे’ असं कोणी म्हटलं तर हे तोंडावर सांगा.

आता कामाबद्दल. पैशाच्या गडबडीत लोक हे विसरतात आणि सहा महिन्यांनी रडतात. तुमच्या कंपनीच्या क्यूसीवाल्याकडे (गुणवत्ता तपासणारा) तुमच्या वेल्डर क्वालिफिकेशनचे रेकॉर्ड आहेत. कुठल्या पोझिशनची टेस्ट, कुठल्या जाडीचं मटेरियल, आर्गनने रूट की नुसता आर्क, रेडिओग्राफीचा निकाल. तो माणूस पुढच्या आठवड्यात पुण्याला निघून जाईल आणि फोन उचलणार नाही. आजच त्याला गाठा, चहा पाजा आणि तुमच्या सगळ्या टेस्टच्या प्रती सहीशिक्क्यासह घ्या. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेच्या नियमाने एखाद्या प्रोसेसने सहा महिने वेल्डिंग केलं नाही तर त्या प्रोसेसची पात्रता संपते, आणि नवी कंपनी तशीही स्वतःची टेस्ट घेतेच. पण जुना ६जी चा (तिरक्या पाईपच्या अवघड टेस्टचा) कागद दाखवला तर तुम्हाला टेस्ट बूथपर्यंत नेतात, नाही तर गेटवरच ‘हेल्परची जागा आहे’ म्हणतात. सहा महिन्यांच्या आत कुठेही, थोडे दिवस का होईना, हातात वेल्डिंगची टॉर्च राहू द्या. रोजंदारीवर काम केलंत म्हणून ग्रॅच्युइटी किंवा भरपाई बुडत नाही. ईएसआयसीचा भत्ता मात्र पुन्हा नोकरी लागली की थांबतो.

लोट्याच्या एमआयडीसीत शटडाऊनची (प्लँट थांबवून दुरुस्तीची) कामं निघतात. घ्या. पण चालू केमिकल प्लँटच्या टाकीत उतरताना गॅस टेस्ट झाली का, परमिट कुठे आहे, बाहेर माणूस उभा आहे का, हे विचारा. हाताला काम नसलेला माणूस हे विचारायला लाजतो, आणि ठेकेदाराला ते बरोबर माहीत असतं. माझ्या शेजारच्या गावचा एक चांगला वेल्डर असाच गेला. अधिक लिहीत नाही.

बोटींचं काम यंदा हुकलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मिरकरवाडा, हर्णै सगळीकडे बोटी वर ओढलेल्या असतात आणि इंजिनचं बेड, विंच, शाफ्ट यांना वेल्डर पुरत नाही. पुढच्या मे महिन्यात आधीच जाऊन बोटमालकांना भेटून ठेवा. सध्याचा हंगाम वेगळा आहे. गणपतीला चाकरमानी घरी येतो आणि पाच दिवसांत पडवीचं ग्रील, गेट, माडीवरची पत्र्याची शेड ठरवून जातो. काम निघतं दिवाळीनंतर. त्यामुळे आरत्यांना जा, कोण काय बांधायचं म्हणतोय ते ऐका. सिंगल फेजवर चालणारं इन्व्हर्टर मशीन आणि ग्राइंडर एवढ्यावर सुरुवात होते. स्वतःची शेड उभारून थ्री फेज घ्यायच्या आणि ग्रॅच्युइटी त्यात घालायच्या विचारात असाल तर एक पूर्ण पावसाळा थांबा. चार महिने कोणी बांधकाम काढत नाही आणि वीजबिलाचा स्थिर आकार मात्र येतच राहतो.

आखाताचं कोणी सांगेलच, आपल्याकडे खेड-मंडणगडात प्रत्येक गावात एक एजंट आहे. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. कोणी लाख-दीड लाख मागत असेल किंवा व्हिजिट व्हिसावर नेत असेल तर तो नोकरी देत नाहीये.

पतसंस्थेत स्वतःहून जा, हप्ता चुकायच्या आधी. कंपनी बंदच्या कागदाची प्रत देऊन मुदत मागा. तुमच्या जामीनदारालाही सांगा, त्याला वसुलीवाल्याकडून कळलं तर संबंध जातात. वसुलीवाला ‘तुझा पीएफ जप्त करतो’ म्हणाला तर हसून सोडून द्या. पीएफ आणि ग्रॅच्युइटी यांवर जप्ती येत नाही. पण पैसे हातात आल्याबरोबर सगळं कर्ज फेडून मोकळं व्हायची घाईही नको. वर्षभराची चूल आधी.

गुरुवारी जायचंच. एकटे जाऊ नका, निदान तिघं जा, आणि बाकीच्या ६१ जणांशी आज संध्याकाळी बोलून ठेवा की कोणी एकट्याने सही करायची नाही. दोघं-तिघं करतीलच, त्यांच्या घरची परिस्थिती असते, त्यांना शिव्या देऊ नका. एचआरवाल्याला सांगा, ‘बंदची नोटीस द्या, हिशोब लेखी द्या, मी घरी नेऊन वाचतो.’ अडकलेला पगार देतोय म्हणाला तर घ्या, तो तुमचाच आहे. व्हाउचरवर सही करताना वर तुमच्या अक्षरात लिहा: ‘फक्त अमुक दोन महिन्यांच्या पगारापोटी इतके रुपये मिळाले, इतर सर्व हक्क राखून.’ तारीख तुम्ही टाका. असं लिहू देत नसेल तर सही नाही, पैसेही नाहीत, कामगार कार्यालयात भेटू म्हणून उठा. आणि पेन स्वतःचं न्या.

ठेकेदाराच्या पोरांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. त्यांच्याकडे स्लिपाही नसतील आणि बरीचशी परप्रांतातली असतील, आठवड्याभरात गावी निघून जातील. ती जायच्या आत त्यांची नावं, गावचे पत्ते, किती दिवसांची हजेरी बाकी आहे, ते त्याच शंभर पानी वहीत मागच्या बाजूने लिहून घ्या आणि प्रत्येकाची सही घ्या.